शिशाच्या ओळी

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून.

मी कोड लिहितो. गेल्या वर्षी आमच्या टीममधली निम्मी माणसं एका ईमेलवर घरी गेली. मी राहिलो, पण घाबरलो. इथे अमेरिकेत घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. विषय, ग्राफिक कम्युनिकेशन्स. पहिल्याच दिवशी दोन ओळींमधलं अंतर वाढवायचं होतं. मी मेनू वाचत म्हणालो, 'लीडिंग'. सर हसले, कपाटातून शिशाची पातळ पट्टी काढून हातात दिली. 'लेडिंग'! लेड म्हणजे शिसं. ओळींच्या मध्ये हीच पट्टी सरकवायचे. आपण सीएसएसमध्ये लाइन-हाइट लिहितो ना, ती ही.

मग काय, मी मागेच लागलो.

आधी सगळं हाताने, एकेक खिळा जुळवून. १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये मर्गेंथालरचं लायनोटाइप यंत्र आलं. कीबोर्ड दाबला की पितळी साचे रांगेत येणार, त्यांत वितळलेलं शिसं ओतलं जाणार, आणि अख्खी ओळ एका तुकड्यात बाहेर. ऑपरेटर चुकला की बिघडलेली ओळ भरून टाकायला डावीकडच्या दोन रांगांवरून बोट फिरवायचा. 'ईटाओइन श्रड्लू'. कधी कधी ते तसंच पेपरात छापून यायचं! आपलं 'एएसडीएफ' समजा.

मग कॉम्प्युटर आला. १९६२-६३ मध्ये न्यूयॉर्कचे छपाई कामगार ११४ दिवस संपावर होते. नव्या यंत्रांचा प्रश्नही त्यात होता. खरी गोष्ट १९७४ची. युनियनने करार केला: मालकांनी कॉम्प्युटर खुशाल आणावा, पण कायम कामगारांपैकी कुणाचीही नोकरी निवृत्तीपर्यंत जाणार नाही. १९७८च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सचा शिशावरचा शेवटचा अंक निघाला. दुसऱ्या दिवसापासून त्यातलीच बरीच माणसं फोटोकागदाचे तुकडे कापून पानावर चिकटवायला लागली. त्या रात्रीची डॉक्युमेंटरी आहे, जरूर बघा.

मला हा करार शहाणपणाचा वाटतो, आणि थोडा क्रूरही. आत होते ते वाचले. पण त्यांच्या पोरांसाठी तिथे जागा उरली नाही. तरी त्यांच्याकडे निदान बोलणी करायला टेबल होतं. आमच्याकडे काय, इनबॉक्स!

१९८५ मध्ये पेजमेकर आणि ॲपलचा लेझर प्रिंटर आले, आणि चिकटवण्याचं कामही गेलं. कॉलेजांत जो वर्ग एकेकाळी नुसता 'प्रिंटिंग'चा होता, तो हळूहळू 'ग्राफिक कम्युनिकेशन्स' झाला.

आमच्या वर्गात मागच्या बाकावर साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसतात. आयुष्यभर ऑफसेट मशीन चालवलं. त्यांना लेयर्स समजत नाहीत, मला कागद समजत नाही. गुरुवारी आम्हा दोघांना मिळून एक पत्रक सादर करायचंय. कागद ते निवडणार आहेत.