झेंडूच्या माहेरचे पितर

दसऱ्याच्या तोरणात मानाने बसणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मिरची, पेरू, काजूसारखाच तोही समुद्रापलीकडून आला आणि इथे मंगलकार्याचा झाला. माहेरी मात्र तो पितरांचा आहे.

तिथे त्याला ‘सेम्पासुचिल’ म्हणतात. पितरांच्या सणाला दारापासून घरातल्या वेदीपर्यंत त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाच्या आणि उग्र वासाच्या ओढीने मृतात्मे घर शोधत येतात, अशी श्रद्धा. वेदीवर पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपल राळेचा धूप, खास भाजलेला पाव आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ. सर्वपित्रीला आजोबांच्या आवडीची भाजी आठवणीने करणाऱ्या मराठी घराला यात परके काय वाटणार?

हा सण शरदात आला तो चर्चमुळे. अझ्टेकांचे पितरांचे सण साधारण ऑगस्टात येत. आधी बालकांचा, मग मोठ्यांचा. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली, देवळे पाडली आणि कॅथलिक पंचांग लागू केले. त्यात १ नोव्हेंबर संतांचा, २ नोव्हेंबर मृतांचा. (गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे याच २ तारखेला कबरींवर फुले वाहतात.) पुढे त्याच शतकात दिएगो दुरान या डोमिनिकन धर्मगुरूला एक गोष्ट खटकली. संतांच्या दिवशी लोक मृत बालकांना नैवेद्य ठेवत आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांना. विचारले तर उत्तर आले, पूर्वापार रीत आहे. जुना सण नव्या तारखेआड लपवला आहे, असा संशय त्याने लिहून ठेवला. जित लोकांनी आपले पितर कसे जपले, याचा इतका बोलका पुरावा त्यांच्यावर संशय घेणाऱ्यानेच मागे ठेवला! दोन दिवसांची ती वाटणी आजही टिकून आहे.

तरी सगळेच अझ्टेक म्हणणे चुकीचे ठरेल. मृतांसाठी पाव आणि मेणबत्त्या ठेवण्याची चाल स्पेनमध्येही होती.

या सणात दिसणारी नटलेली, रुंद टोपीची सांगाड्याची बाई तर बरीच अलीकडची. १९१०च्या सुमारास खोदचित्रकार पोसादाने श्रीमंती मिरवणाऱ्यांची टर उडवायला तिचा मुखडा कोरला. १९४७च्या भित्तिचित्रात चित्रकार दिएगो रिवेराने तिला अंगभर पोशाख दिला. मेक्सिको सिटीची भव्य मिरवणूक २०१६ पासूनची. आदल्या वर्षी जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’ चित्रपटात ती कल्पनेने दाखवली होती, मग शहराने ती खरोखरच काढली. पर्यटक तिच्यासाठी लोटतात. पण सण समजून घ्यायचा तर मिचोआकानमधल्या पात्स्कुआरो सरोवराकाठची गावे गाठावीत. तिथली पुरेपेचा कुटुंबे मिरवणुकीच्या कितीतरी आधीपासून कबरी सजवून रात्र जागवत आली आहेत.