जीर्णोद्धार कोणत्या काळाचा?

जीर्णोद्धार करताना वस्तू नेमक्या कोणत्या काळात परत न्यायची, हा प्रश्न ‘स्वान कार’च्या इतिहासात ठळकपणे समोर येतो. इंग्लंडमधील लोवेस्टॉफ्ट येथे ब्रुक कंपनीने १९१० साली ही मोटार बांधली, ती कलकत्त्यातील रॉबर्ट मॅथ्यूसन या गोऱ्या धनिकासाठी. तिचा दर्शनी भाग राजहंसाचा. चोचीतून वाफेचा फवारा निघे आणि मागून चुन्याची निवळी सांडण्याचीही सोय होती. वाटेतल्या लोकांची धांदल ही मालकाची करमणूक! पुढे पंजाबातील नाभा संस्थानच्या महाराजांनी ती विकत घेतली आणि सुमारे ७० वर्षे ती त्या घराण्यात राहिली.

१९९१ साली नेदरलँड्समधील लाऊमन संग्रहाने ती या घराण्याकडून घेतली व दुरुस्त केली. आज ती हेग येथील संग्रहालयात आहे.

पाठचिकित्सक मूळ संहितेचा शोध घेताना उत्तरकालीन पाठ बाजूला काढतो. पण तळटीपेत पाठभेद जपतो. मोटारीला तळटीप नसते. खरवडलेला थर पुन्हा वाचता येत नाही. झळझळीत राजहंस पाहताना मॅथ्यूसनचे कलकत्ता डोळ्यांपुढे उभे राहते; नाभातील सात दशके मात्र सांगितल्यावाचून कळत नाहीत. दुरुस्तीवाचून वस्तू नष्ट होते, हे खरेच. म्हणूनच काय पुसले, काय नव्याने घडवले, याची नोंद हाही जीर्णोद्धाराचाच भाग मानायला हवा. अन्यथा आपण वस्तू वाचवतो आणि तिचा इतिहास गमावतो.