हाक मारणाऱ्याने ठेवलेलं नाव

मॅकच्या टर्मिनलमध्ये शेलला त्याचं नाव विचारलं, की 'झेडएसएच'च्या आधी एक आडवी रेघ उमटते. ती चुकून पडलेली नाही. बेल लॅब्जमधल्या जुन्या युनिक्सपासूनचा तो रिवाज आहे. नावाआधी रेघ दिसली, की शेलने ओळखायचं: माणूस आत्ताच लॉगिन झालाय, त्याची सुरुवातीची फाइल वाचायला हवी.

हे जमतं, कारण युनिक्समध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या 'एक्झेक'ला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात: कोणती फाइल चालवायची आणि तिच्या हाती कोणते शब्द द्यायचे. त्यांतला शून्य क्रमांकाचा शब्द, म्हणजे सी भाषेतला 'आर्गव्ही शून्य', हे प्रोग्रामचं नाव. ते फाइलच्या नावासारखंच असावं, हा फक्त संकेत. नाव ठेवतो हाक मारणारा.

काही प्रोग्राम या नावावरून आपलं वागणं ठरवतात. युनिक्सच्या 1979च्या सातव्या आवृत्तीतला 'टेस्ट' हा मला या घराण्यातला सर्वांत देखणा प्रोग्राम वाटतो. तो सुरुवातीलाच तपासतो, की आपल्याला डाव्या चौकोनी कंसाच्या नावाने बोलावलंय का? तसं असेल, तर शेवटचा शब्द उजवा कंस हवा. नसेल तर तक्रार. शेल स्क्रिप्टमध्ये 'इफ'पुढचा जो कंस आपण व्याकरणातलं चिन्ह समजतो, तो मुळात एका प्रोग्रामचं दुसरं नाव आहे!

पुढे 1995मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी ही युक्ती टोकाला नेली. डेबियन लिनक्सची अख्खी बूट व्यवस्था एका फ्लॉपीवर बसवायची होती, म्हणून त्यांनी 'बिझीबॉक्स' लिहिला. फाइल एकच, 'एलएस' म्हणून हाक मारा, यादी देईल, 'सीपी' म्हणा, नक्कल करील.

पण हाक मारणाऱ्याने नावच दिलं नाही तर? जानेवारी 2022मध्ये लिनक्सवर रूटच्या अधिकाराने कामं चालवून देणाऱ्या 'पीकेएक्झेक'मधली 2009पासूनची चूक उघड झाली, ती इथलीच. शब्दांची यादी रिकामी आली, की तो प्रोग्राम यादीपलीकडे जाऊन एन्व्हायर्नमेंटमधली अक्षरं शब्द म्हणून वाचायचा, आणि साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळायचे. त्यानंतर लिनक्स 5.18पासून कर्नल अशा यादीत एक रिकामा शब्द घालतं.

म्हणून कोड लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं: या नावावरून काम ठरवा, अधिकार ठरवू नका. लिनक्सवर आपली खरी फाइल शोधायची असेल, तर 'प्रॉक'मधला 'सेल्फ'खालचा 'एक्सई' हा दुवा वाचा. तो कर्नल देतं, हाक मारणारा नाही.