नीरेच्या खोऱ्यातले मीठ

विद्यापीठांनी देशाच्या उन्नतीला हातभार लावावा, हे वाक्य प्रत्येक पदवीदान समारंभात उच्चारले जाते. ते आता इतके गुळगुळीत झाले आहे की, त्याला कोणी विरोध करीत नाही आणि त्याचा हिशेबही कोणी मागत नाही. मला आज तो हिशेब मागावयाचा आहे. आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याहून निघालेला माणूस दोन प्रहरांच्या आत बारामतीच्या बाजूला पोहोचतो. तेथल्या जमिनीत हा जमाखर्च लिहिलेला आहे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. सरकारला धास्ती बसली आणि कालव्यांच्या योजनांना वेग आला. भाटघरचे धरण आणि नीरेचा डावा कालवा हे त्याच धास्तीचे फळ. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी आले. हे पाणी मुळात ज्वारी-बाजरी वाचविण्यासाठी होते. अवर्षणाच्या साली दोन पाळ्या मिळाल्या की कुटुंब तगेल, असा त्यामागचा विचार होता. पण दाराशी बारमाही पाणी वाहू लागल्यावर शेतकऱ्याने ऊस लावला. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्वारीच्या कणसापेक्षा गुळाच्या ढेपेला बाजारात भाव होता, आणि सावकाराला मुदत कळते, धोरण कळत नाही.

काही वर्षांतच एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. जेथे पहिल्यांदा भरघोस ऊस आला, त्याच सखल रानांत जमीन पाणथळ होऊ लागली. पुढे तिच्यावर पांढरा थर फुटला. शेतकरी म्हणू लागले, जमिनीला मीठ फुटले.

या ठिकाणी विद्येचा प्रवेश होतो. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली इंजिनियर होऊन बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या विसाव्या शतकाच्या आरंभी या कालव्याच्या पाण्याकडे वळले. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. रान तुकड्यातुकड्यांत बांधून घ्यावयाचे, पिके पाळीपाळीने फिरवावयाची आणि उसाला एकंदर क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच पाणी द्यावयाचे. पाणी वाचावे, जमीन पाणथळ होऊ नये आणि हिवताप हटावा, असे तिहेरी धोरण त्यात होते. पाण्याला शिस्त लावणारी इतकी सुबुद्ध योजना आपल्याकडे फारशी झाली नाही, असे माझे मत आहे.

त्यानंतर आले हॅरल्ड मॅन. १९०७ साली पुण्यात शेतकी कॉलेज उभे राहिले, त्याचे हे प्राचार्य. १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर या गावावर पुस्तक लिहिले आणि १७७१ मध्ये तेथे सरासरी ४० एकरांची असलेली धारणा दीड शतकात ७ एकरांवर कशी आली, ते दाखविले. ते पुस्तक गाजले. पण त्याआधीचे, १९१० सालचे त्यांचे आणि ताम्हणे यांचे नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील पत्रक मला अधिक मोलाचे वाटते. रोग कोठून आला, हे त्यात शोधले होते.

हा रोग समजावून घेण्यासारखा आहे. आपली काळी जमीन चिकण. तिच्यातून पाणी लवकर खाली झिरपत नाही. कालव्याच्या पाझराने आणि उसाला दिलेल्या वारेमाप पाण्याने जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. ती मुळांजवळ आली की, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागाकडे चढते. उन्हाने पाणी उडून जाते. त्यात विरघळलेले क्षार तेवढे वर राहतात. दरवर्षी थोडे थोडे. शेताचा धनी पिकाकडे पाहतो, तोवर खाली हे चाललेले असते. यावर इलाज दोनच : पाणी बेताने देणे आणि साठलेल्या पाण्याला चर खणून नाल्यापर्यंत वाट काढून देणे. १९१६ साली सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी वेगळा विभाग काढला. खडकवासल्याची आजची संशोधनसंस्था त्याचाच वाढलेला वृक्ष होय.

मग अडले कोठे? चर एकट्याच्या शेतात खणून भागत नाही; तो शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो. ज्याचे रान उंचावर, त्याला मीठ फुटत नाही. तो कशाला जागा देईल? शिवाय हे सारे ज्ञान इंग्रजी अहवालांत होते, आणि मीठ मराठी गावांत. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. सरकारी फौजेतील व पोलिसांतील माणसांकडून ठिकठिकाणी बांध घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, असे त्यांनी त्यात सुचविले होते. त्यांची मागणी होती ती कॉलेज आणि कुणबी यांच्यातल्या या वाटेचीच.

दुसरीकडे, जेथे कालवा पोहोचणे शक्यच नव्हते, त्या सोलापूर-विजापूरच्या पट्ट्यात १९३३ पासून जिराईत शेतीचे संशोधन सुरू झाले. मांजरीला ताम्हणे यांनी आधी पाया घातला होता. बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, शेणखत द्या, बी कमी आणि लांब ओळींत पेरा, वरचेवर कोळपा. यात नवलाईचे काही नाही, म्हणूनच बहुधा त्याची वाहवा झाली नाही. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी मात्र अजून शेतात उभी आहे.

स्वातंत्र्यानंतर विद्येचे पाऊल खरेच गावात पडले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम तपासले होते. तो अहवाल १९४८ साली छापून निघाला. तेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात तो कारखाना सुरू झाला. पंडिताने अध्यक्षाच्या खुर्चीत बसून शेतकऱ्यांचा कारखाना चालवावा, हे जगात क्वचित घडते. पुढे १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ निघाले. अकोला, परभणी, दापोली ही त्यामागून.

या वाटेने ज्ञान गेले खरे, पण निवडून गेले. जे उत्पन्न वाढवी, ते हातोहात गेले. जे हात आखडता घ्या म्हणे, ते कपाटात राहिले. राज्याच्या एकूण पिकाखालील क्षेत्रात चार टक्क्यांहून कमी असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे ७० टक्के वाटा घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदविले आहे. विश्वेश्वरय्यांचा तिसरा हिस्सा कोठल्या कोठे गेला! १९९९ साली चितळे आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत उसाला पायबंद घालण्याची शिफारस केली. ती शिफारस आणि मॅनचे पत्रक एकाच फळीवर शोभतील.

नीरेच्या खोऱ्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. आज ते राहुरीच्या विद्यापीठाकडे आहे. तेथील शास्त्रज्ञांनी ‘फुले २६५’ ही उसाची जात काढली. ती २००७ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आली. उत्पन्नाला ती चांगली आहे, आणि तिचा आणखी एक गुण असा की, खारवट-चोपण जमिनीतही ती तग धरते. मॅन आणि ताम्हणे यांनी ज्या खोऱ्यातल्या मिठाचे मूळ शोधले, त्याच खोऱ्यातून आता मीठ सोसणारा ऊस निघाला आहे, आणि लोकांनी तो मोठ्या हौसेने उचलला आहे.