अध्यापन आणि संशोधन : एका फारकतीचा इतिहास

पनवेलसारख्या गावातील विद्यार्थ्यापुढे आज एक प्रश्न उभा असतो. रयत शिक्षण संस्थेने 1970 साली येथे सुरू केलेल्या महात्मा फुले महाविद्यालयासारख्या, शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतो अशा संस्थेत शिकावे, की हार्बर मार्गाने कलिन्याच्या विद्यापीठ-परिसराची वाट धरावी? हा प्रश्न वरवर व्यक्तिगत निवडीचा, सोयीचा आणि ऐपतीचा वाटतो. प्रत्यक्षात ही निवड विद्यार्थ्याच्या जन्माआधीच बऱ्याच अंशी होऊन गेलेली असते. महाविद्यालयाने शिकवायचे आणि विद्यापीठाने ज्ञान निर्माण करायचे, ही विभागणी नैसर्गिक नव्हे. तिला इतिहास आहे, आणि मराठी समीक्षेच्या घडणीवर तिचा खोल परिणाम झालेला आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे कार्य होते. शिकविणे हे संलग्न महाविद्यालयांचे काम. म्हणजे आरंभी विद्यापीठ शिकवीत नव्हते आणि संशोधनही करीत नव्हते. महाविद्यालय शिकवीत होते, पण काय शिकवायचे हे ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. देशी भाषांना पुढे उच्च परीक्षांतून दूर केले गेले आणि त्या परत आणण्यासाठी न्या. म. गो. रानडे यांना दीर्घकाळ खटपट करावी लागली. या व्यवस्थेत मराठीविषयक संशोधनाला घर उरले नाही. ते संस्थांच्या बाहेर वाढले. डेक्कन कॉलेजातून 1891 साली पदवीधर झालेल्या वि. का. राजवाडे यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली ती कोणत्याही विद्यापीठाचे आसन न घेता. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच पोकळीतून.

खुद्द डेक्कन कॉलेजचा इतिहास या फारकतीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. 1821 साली दक्षिणा निधीतून स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत त्याचे मूळ जाते. टिळक आणि आगरकर येथलेच विद्यार्थी, रा. गो. भांडारकर येथे संस्कृत शिकवीत. अध्यापन आणि व्यासंग एकाच छपराखाली नांदू शकतात याचा तो पुरावा होता. 1934 साली सरकारने हे महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि 1939 साली ते पुन्हा उघडले. मात्र पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून. सु. मं. कत्रे, ह. धी. सांकळिया, इरावती कर्वे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेथे भाषाविज्ञान, पुरातत्त्व आणि समाजशास्त्र यांत जे कार्य केले त्याचे मोल वादातीत आहे. तरीही या पुनर्जन्मात एक गोष्ट गमावली गेली, आणि तिची नोंद सहसा केली जात नाही. अठरा वर्षांचा पदवीपूर्व विद्यार्थी त्या आवारातून कायमचा बाहेर गेला. टिळक-आगरकर ज्या वयात तेथे वाद घालीत होते, त्या वयाच्या मुलाला आता तेथे प्रवेश नव्हता.

या घटनेपूर्वी दहा वर्षे हा धोका एका व्यक्तीने नेमका ओळखला होता. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे 1924 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लेखी निवेदन दिले. पदवीपूर्व आणि पदव्युत्तर शिक्षण वेगळे करणे म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांची ताटातूट करणे होय, आणि अशा ताटातुटीत संशोधनाचेच नुकसान होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयाची पदवी आणि कोलंबिया विद्यापीठाचे संशोधन-शिक्षण हे दोन्ही अनुभव त्यांच्या गाठीशी होते; म्हणून त्यांचे मत केवळ तत्त्वचर्चा ठरत नाही. पुढे संस्था उभारण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी महाविद्यालये काढली, हे लक्षणीय आहे. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ, 1950 साली औरंगाबादेत मिलिंद.

मिलिंद महाविद्यालयाने पुढे जे घडविले ते मराठी समीक्षेच्या इतिहासाला परिचित आहे. पण त्याचा संस्थात्मक अर्थ क्वचितच लावला गेला. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ त्याच शहरात स्थापन झाले होते. तरी दलित साहित्याची वैचारिक मांडणी आकाराला येऊ लागली ती प्रामुख्याने महाविद्यालयाच्या आवारात, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे प्रभृतींच्या सहवासात. 1967 साली सुरू झालेले ‘अस्मिता’, म्हणजे पुढचे ‘अस्मितादर्श’, हे त्याच वातावरणाचे फळ. येथे शिक्षक ज्यांना शिकवीत होता त्यांच्याच अनुभवातून समीक्षेचे नवे प्रश्न उभे राहत होते. वर्ग हेच संशोधनाचे क्षेत्र झाले होते. ग्रंथालय आणि शिष्यवृत्त्या विद्यापीठाकडे अधिक असतील. प्रश्न मात्र महाविद्यालयात जन्मले.

अर्थात, यावरून छोट्या महाविद्यालयाचे गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. मिलिंद हा नियम नव्हे, अपवाद आहे. तासिकांचे ओझे, तोकडे ग्रंथालय आणि बाहेरून आलेला अभ्यासक्रम यांत बहुतेक महाविद्यालयीन शिक्षकांचा व्यासंग सुकून गेला, हेही तितकेच खरे. उलट, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाच्या बोली-सर्वेक्षणात अ. मा. घाटगे यांनी महाडच्या कुणबी बोलीचे जे वर्णन केले, तसे काम भाषाशास्त्रीय शिस्तीवाचून होऊ शकत नाही, आणि ती शिस्त मोठ्या संस्थाच देऊ शकतात.

परंतु महाडच्या उत्तरेला, पनवेल-उरणच्या पट्ट्यात, आगरी आणि कराडी बोलणारी मुले रोज महाविद्यालयाच्या बाकांवर येऊन बसतात. लग्नात धवले गाणाऱ्या धवलारिणी त्यांच्या घरच्या आहेत. नवी मुंबई आणि त्यानंतर विमानतळ यांसाठी या परिसरातील जमिनी गेल्या, काही गावे उठली. गाव उठते तेव्हा बोलीचा एक पदरही उसवतो. हे साहित्य टिपण्यासाठी लागणारी पद्धत विद्यापीठाकडे आहे, आणि ते जिच्या कानांत आहे ती विद्यार्थिनी महाविद्यालयात आहे. दोघींची भेट होत नाही, ही 1857 पासून चालत आलेल्या विभागणीची आजची किंमत आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाला जागा दिली आहे. शतकापूर्वी आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा अशा रीतीने मागील दाराने परत आला आहे. मात्र शिक्षकाला सवड, ग्रंथालयाला पुस्तके आणि अभ्यासक्रम ठरविण्यात महाविद्यालयाला वाटा मिळाला नाही, तर ते वर्ष आणखी एका परीक्षेपुरते उरेल. महाविद्यालय की विद्यापीठ, असे विद्यार्थ्याला विचारणे सोपे आहे. त्याला हा प्रश्न विचारावा लागतो अशी व्यवस्था का ठेवली, याचे उत्तर मात्र त्याच्याकडून मागता येणार नाही.