समांतर विश्व कादंबरी

आपल्या परिचित विश्वाच्या जोडीने, त्याच्याशी साधर्म्य असलेली परंतु एखाद्या घटनेच्या वा निर्णयाच्या वेगळ्या परिणामामुळे निराळी झालेली इतर विश्वे अस्तित्वात आहेत, या गृहीतावर आधारलेला कथात्म साहित्याचा एक प्रकार. काल्पनिक इतिहास, प्रतिरूपकथा आणि रहस्यकथा या तीन प्रवाहांच्या संगमातून तो विसाव्या शतकात आकारास आला. अशा अनेक विश्वांत एकाच व्यक्तीची अनेक प्रतिरूपे संभवतात व ती परस्परांसमोर येऊ शकतात. सामान्य रहस्यकथेत गुन्हेगार कोण, हा प्रश्न असतो. येथे शोध घेणारा, गुन्हेगार आणि बळी या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या वाट्याला येऊ शकतात. माणसाने केलेल्या निवडीला काही अर्थ आहे काय, हा प्रश्न या प्रकाराच्या मुळाशी आहे.

पूर्वपीठिका : अनेक विश्वांची कल्पना प्राचीन आहे. योगवासिष्ठाच्या उत्पत्ति-प्रकरणातील लीलोपाख्यानात राणी लीला ही सरस्वतीच्या कृपेने आपला मृत पती पद्म राजा याला दुसऱ्या विश्वात विदूरथ राजाच्या रूपात पाहते. त्या विश्वातील राणीचे नावही लीला असून दोघी एकमेकींसमोर येतात. मात्र तेथील विश्वे चित्ताच्या संकल्पातून उद्भवतात आणि जगाचे मायिकत्व दाखविणे हा त्या कथेचा हेतू आहे. हुकलेल्या निवडीची खंत तीत नाही.

यूरोपात लायप्निट्स (१६४६–१७१६) या तत्त्वज्ञाने तेओदिसे (१७१०) या ग्रंथाच्या अखेरीस शक्य विश्वांचे एक रूपक योजिले आहे. असंख्य दालनांच्या एका पिरॅमिडात प्रत्येक दालन म्हणजे एक शक्य विश्व असून त्यांत सेक्स्टस या एकाच माणसाची निरनिराळी आयुष्ये दिसतात : एकात तो सुखी गृहस्थ, दुसऱ्यात राजा, तर शिखरावरील प्रत्यक्ष विश्वात अत्याचारी. लायप्निट्सच्या मते ईश्वराने यांपैकी सर्वोत्कृष्ट असे एकच विश्व निर्माण केले. बाकीची केवळ शक्यतेच्या पातळीवर राहिली.

ही मर्यादा फ्रेंच क्रांतिकारक ल्वी ओग्यूस्त ब्लांकी (१८०५–८१) याने ओलांडली. पॅरिस कम्यूनच्या उठावाच्या आदल्या दिवशी, १७ मार्च १८७१ रोजी त्याला अटक झाली. तुरुंगात लिहिलेल्या आणि १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेतेर्निते पार लेझास्त्र (म. शी. ताऱ्यांद्वारा चिरंतनत्व) या पुस्तकात त्याने असा युक्तिवाद केला, की मूलद्रव्यांची संख्या मर्यादित आणि अवकाश व काल मात्र अमर्याद असल्यामुळे निसर्गाला त्याच त्या रचना पुन्हापुन्हा घडविणे भाग आहे. म्हणून प्रत्येक माणसाची असंख्य प्रतिरूपे कोठेतरी अस्तित्वात असली पाहिजेत. त्यांपैकी काहींचे आयुष्य हुबेहूब त्याच्यासारखे, तर काहींचे एखाद्या वळणावर वेगळे झालेले असेल. आयुष्याचा मोठा भाग बंदिवासात काढलेल्या व पराभूत झालेल्या माणसाच्या या चिंतनात सांत्वन आणि विषाद यांचे मिश्रण आढळते. पुढील काळातील कादंबऱ्यांचा भाव त्यात आधीच प्रकटला आहे.

प्रतिरूपकथा : एकोणिसाव्या शतकातील कथासाहित्यात प्रतिरूपाची कल्पना प्रामुख्याने नैतिक अंगाने आली. एडगर ॲलन पो याच्या ‘विल्यम विल्सन’ (१८३९) या कथेतील प्रतिरूप ही नायकाची सदसद्विवेकबुद्धी होय, तर स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिल अँड मि. हाइड (१८८६) मधील हाइड ही जेकिलची दडपलेली दुष्प्रवृत्ती होय. हेन्री जेम्सच्या ‘द जॉली कॉर्नर’ (१९०८) या कथेने या परंपरेला वेगळे वळण दिले. तीमधील प्रौढ नायक दीर्घकाळ यूरोपात राहून न्यूयॉर्कला परततो आणि आपण येथेच राहिलो असतो तर कोण झालो असतो, या विचाराने त्याला घेरले जाते. रिकाम्या वडिलोपार्जित घरात रात्री तो त्या ‘न झालेल्या’ स्वतःचा शोध घेतो आणि अखेर ती भीषण आकृती त्याच्यासमोर उभी ठाकते. हे प्रतिरूप नायकाच्या स्वभावाचे अंग नसून त्याच्या न जगलेल्या आयुष्याचे रूप आहे.

याच काळात काल्पनिक इतिहासही लिहिला जात होता. ल्वी झोफ्र्वा याच्या १८३६ मधील फ्रेंच ग्रंथात नेपोलियनने सारे जग जिंकल्याचे दाखविले आहे, तर शार्ल रनूव्ह्ये याने यूक्रोनी (१८७६) या ग्रंथात यूरोपचा घडू शकला असता असा इतिहास मांडला. तथापि या लेखनात जग बदलले, तरी प्रत्यक्ष व पर्यायी इतिहास शेजारी-शेजारी उभे राहत नाहीत. मरी लाइन्स्टर (१८९६–१९७५) याच्या ‘साइडवाइज इन टाइम’ (१९३४) या कथेत भिन्न इतिहासांचे भूभाग एकमेकांत मिसळतात आणि हे सान्निध्य घडून येते.

उत्कंठा आणि समांतर विश्व यांचा पहिला परिपूर्ण मेळ अर्जेंटिनाचा लेखक होर्हे लुईस बोर्हेस (१८९९–१९८६) याच्या ‘फुटत जाणाऱ्या वाटांची बाग’ (म. शी., १९४१) या स्पॅनिश कथेत आढळतो. बाह्यतः ती पहिल्या महायुद्धातील हेरकथा आहे. इंग्लंडमध्ये जर्मनीसाठी हेरगिरी करणारा एक चिनी गृहस्थ, शत्रू पाठलागावर असताना, एका चीनविद्याविशारदाच्या घरी पोहोचतो. हेराच्या एका पूर्वजाच्या अनाकलनीय कादंबरीचे कोडे त्या विद्वानाने उलगडलेले असते : तीत प्रत्येक प्रसंगाचे सर्व पर्याय एकाच वेळी घडतात आणि काळ सतत फुटत जातो. काही काळांत ते दोघे मित्र असतात, काहींत शत्रू. या कृतज्ञतेच्या क्षणानंतरही हेर त्या विद्वानाचा खून करतो, कारण त्याच्या आडनावाद्वारे त्याला बर्लिनला एका शहराचे नाव कळवावयाचे असते. असंख्य काळ असले, तरी या काळातील कृत्याचा पश्चात्ताप त्याला सुटत नाही. ही कथा १९४८ मध्ये एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझीन या रहस्यकथांच्या मासिकात इंग्रजीत आली, हे लक्षणीय आहे.

एव्हरेटचा सिद्धांत : अमेरिकन भौतिकीविज्ञ ह्यू एव्हरेट (१९३०–८२) याने १९५७ मध्ये पुंजयामिकीचा एक नवा अन्वयार्थ मांडला. पुंजयामिकीनुसार अणूसारखी प्रणाली एकाच वेळी अनेक अवस्थांच्या मिश्रणात असू शकते. निरीक्षण केल्यावर मात्र त्यांपैकी एकच अवस्था आढळते. रूढ मतानुसार निरीक्षणाच्या क्षणी इतर शक्यता नाहीशा होतात. एव्हरेटने हे गृहीतच वगळले. त्याच्या मते सर्व शक्यता कायम राहतात आणि निरीक्षकही त्यांच्याबरोबर शाखांत विभागला जातो. प्रत्येक शाखेतील निरीक्षकाला आपलाच निष्कर्ष एकमेव वाटतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील त्याचे मार्गदर्शक जॉन व्हीलर यांच्या सूचनेवरून त्याने प्रबंध बराच संक्षिप्त केला. १९५९ मध्ये कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्याशी झालेल्या भेटीतून काही निष्पन्न झाले नाही. एव्हरेट तत्पूर्वीच विद्यापीठीय संशोधन सोडून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कामात गेला होता. ब्राइस डिविट यांच्या १९७० मधील लेखामुळे आणि १९७३ मधील संपादित ग्रंथामुळे ‘अनेक विश्वे’ हा अन्वयार्थ सर्वत्र परिचित झाला. प्रयोगाने तो स्वतंत्रपणे सिद्ध झालेला नाही. तसेच एका शाखेतून दुसरीत जाण्याची सोय त्यात नाही. ती कादंबरीकारांची भर होय.

लाइन्स्टर आणि बोर्हेस यांच्या कथा एव्हरेटच्या आधीच्या आहेत. म्हणजे साहित्याला ही कल्पना भौतिकीने दिली नाही. भौतिकीने तिला परिभाषा आणि शक्यतेचा आधार पुरविला.

कादंबरीचा विकास : कीथ लॉमर (१९२५–९३) याच्या वर्ल्ड्स ऑफ द इंपीरियम (१९६२) या कादंबरीत समांतर विश्वाचे हस्तक नायकाचे अपहरण करतात. तिसऱ्या एका विश्वात हुकूमशहा असलेल्या त्याच्याच प्रतिरूपाला ठार करून त्याची जागा घेण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविली जाते. त्याच वर्षीच्या फिलिप के. डिक (१९२८–८२) याच्या द मॅन इन द हाय कॅसल मध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व जपान विजयी झालेले असून, त्या जगातील वाचकांच्या हाती दोस्तांचा विजय सांगणारी कादंबरी पडते. जोअ‍ॅना रस (१९३७–२०११) हिच्या द फीमेल मॅन (१९७५) मध्ये चार विश्वांतील चार स्त्रिया एकत्र येतात; समाजरचना बदलली, की एकाच स्त्रीचे व्यक्तिमत्त्व किती बदलते, हे त्यातून दिसते.

या विषयातील नैतिक पेच लॅरी निव्हन (जन्म १९३८) याच्या ‘ऑल द मिरिअड वेज’ (१९६८) या कथेत सर्वांत स्पष्टपणे मांडला आहे. समांतर विश्वांचा प्रवास शक्य झाल्यानंतर एका शहरात आत्महत्यांची व निष्कारण गुन्ह्यांची साथ पसरते. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या ध्यानात येते, की प्रत्येक निर्णयाच्या उलट निर्णयही कोठेतरी घेतला जातो, ही जाणीवच लोकांना निष्क्रिय व बेफिकीर करीत आहे.

या पेचाला उत्तर शोधणारी अलीकडील प्रसिद्ध कृती म्हणजे ब्लेक क्राउच (जन्म १९७८) याची डार्क मॅटर (२०१६) ही थरारकादंबरी. शिकागोतील एका लहान महाविद्यालयातील भौतिकीचा प्राध्यापक जेसन डेसन याने संसारासाठी संशोधनाची वाट सोडलेली असते. एका रात्री मुखवटाधारी इसम त्याला पळवितो व तो परक्या विश्वात शुद्धीवर येतो. तो इसम म्हणजे संशोधनासाठी संसार नाकारलेला जेसनच असतो. आता त्याला गमावलेले घर हवे असते. उत्तरार्धात कथा अनपेक्षित वळण घेते. परतीच्या प्रवासात घेतलेल्या प्रत्येक निर्णयागणिक नायकही विभागला गेलेला असतो आणि त्याच पत्नी-पुत्रांवर तितकाच हक्क सांगणारे अनेक जेसन शहरात दाखल होतात. शत्रू परका नसून तितक्याच न्याय्य मागणीचा धनी आहे, ही येथील खरी भीती होय. या कादंबरीवर आधारित दूरचित्रमालिका २०२४ मध्ये प्रदर्शित झाली.

मराठी साहित्य : मराठीत हा विषय जयंत नारळीकर (१९३८–२०२५) या खगोलभौतिकीविज्ञांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत समर्थपणे हाताळला. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोहोचतात, की जेथे १७६१ मधील पानिपतच्या युद्धात विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि मराठे विजयी झाले आहेत. मुंबईत मुलाचा शोध घेता त्या नावाचा कोणीच तेथे आढळत नाही. परतल्यावर हाती उरलेले बखरीचे एक पान एवढाच त्या जगाचा पुरावा असतो. मराठी मनाला सलणाऱ्या पराभवाशी पुंजयामिकीची सांगड घातल्यामुळे ही कथा परक्या कल्पनेचे अनुकरण राहिली नाही. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्या समांतर या कादंबरीत विश्व एकच आहे. तथापि आपले आयुष्य दुसऱ्या कोणी आधीच जगून झाले आहे, हे कळलेल्या नायकाची घालमेल याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूस भिडते. तिच्यावरील मालिका २०२० मध्ये प्रदर्शित झाली.

मूल्यमापन : या प्रकारात विश्वांची संख्या वाढत गेली, की प्रत्येक घटनेचे मोल उणावते आणि उत्कंठाही ओसरते. अनेक सामान्य कादंबऱ्या या दोषाने निष्प्रभ झाल्या आहेत. उलट, असंख्य शक्यतांमधून एकाच घराकडे, एकाच माणसाकडे परतण्याची ओढ ज्या कृतींत टिकून राहते, त्या प्रभावी ठरल्या आहेत. सर्व पर्याय कोठेतरी घडत असले, तरी माणसाला उत्तर द्यावे लागते ते स्वतःच्या पर्यायाचेच, हे सत्य बोर्हेसच्या हेरापासून जेसन डेसनपर्यंतच्या व्यक्तिरेखांतून या साहित्याने प्रत्ययास आणून दिले आहे.