फरशीला सीलर लावताय? आधी पाण्याचा थेंब टाकून बघा

पावसाळा सरला की गावोगावी घरांची कामं निघतात. नवी फरशी बसते, जुनी घासून घेतली जाते. त्याच वेळी हार्डवेअरच्या दुकानात किंवा मिस्त्रीकडून सल्ला मिळतो, "वरून सीलर मारून घ्या, डाग पडणार नाहीत." सल्ला चुकीचा नाही, पण तो प्रत्येक फरशीला लागू होत नाही. जी फरशी पाणी पिते, तिलाच सीलर लागतो. न पिणाऱ्या फरशीवर तो मारला तर पैसे जातात आणि वर चिकट थर बसतो तो वेगळाच.

कोणत्या फरशीला गरज?

शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. यांत तेल, हळद, चहा कमी-अधिक मुरतो. सिमेंटच्या मोझॅक टाइल्स आणि भाजक्या मातीच्या लाल फरश्याही पाणी शोषतात. या सगळ्यांना सीलरचा उपयोग होतो.

चकचकीत सिरॅमिक टाइलवर काचेसारखा थर असतो आणि व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. अशा टाइलला सहसा सीलर लागत नाही. मात्र टाइलमधल्या सांध्यांत सिमेंटचं ग्राउट भरलेलं असेल तर ते पाणी पितं आणि काळं पडतं. तिथे फक्त सांध्यांना ग्राउट सीलर लावावा. सांधे इपॉक्सीने भरले असतील तर त्याचीही गरज नाही.

थेंबाची परीक्षा

कोरड्या, स्वच्छ फरशीवर दोन-तीन ठिकाणी पाण्याचे थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. पाणी पुसल्यावर खाली गडद ओला डाग दिसला तर फरशी पाणी पिते. डाग दिसला नाही तर सीलर आत शिरणार नाही. सांध्यांवरही हीच परीक्षा करावी.

कडप्प्याच्या ओट्याला बऱ्याच घरांत खोबरेल तेल चोळतात. त्याने काळेपणा खुलतो, पण धूळ चिकटते आणि सीलरलाही आत जाऊ देत नाही. म्हणून आधी गरम पाणी आणि साबणाने तेल पूर्ण काढावं लागतं.

दोन प्रकारचे सीलर

पहिला आत मुरणारा. तो दगडाच्या छिद्रांत बसतो, वरून दिसत नाही, चमकही देत नाही. डब्यावर 'पेनिट्रेटिंग' असं लिहिलेलं असतं. दुसरा वर थर धरणारा. त्याने फरशी चमकते, पण वापराने थरावर ओरखडे पडतात, कालांतराने तो निघतो आणि पाणी सांडलं की निसरडाही होऊ शकतो. मोरी, अंगण, पायऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांचा वावर असलेली खोली इथे थर धरणारा टाळलेलाच बरा.

जमिनीतून ओल येत असेल तर त्यावर थर धरणारा सीलर मारू नका. ओल खालीच अडकते, थराचे पोपडे निघतात, पांढरा क्षार फुलतो. ओल आहे का हे बघायचं तर प्लॅस्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा फरशीवर ठेवून चारी बाजूंनी टेप लावा. दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूला पाणी साचलेलं दिसलं तर आधी ओलीचा बंदोबस्त करा.

लावायची पद्धत

१. फरशी साध्या साबणाने धुवा. शहाबादी, कोटा, कडप्प्यावर ॲसिड किंवा लिंबू अजिबात नको. चुनखडीला ॲसिड खातं, पॉलिश जाते आणि तो डाग कुठलाही सीलर भरून काढत नाही.

२. धुतल्यावर एक-दोन दिवस चांगली वाळू द्या. ग्राउट नवं असेल तर तीन-चार आठवडे थांबणं चांगलं. घाई असेल तर ग्राउटच्या पाकिटावरची मुदत तरी पाळा.

३. आधी कोपऱ्यात किंवा कपाटाखाली हातभर जागेत लावून बघा. काही सीलरने दगडाचा रंग गडद होतो.

४. स्वच्छ फडकं किंवा ब्रशने पातळ हात मारा. एका वेळी दोन-चार फरश्याच घ्या. सांध्यांना लहान ब्रश वापरा.

५. आत मुरणारा सीलर असेल तर डब्यावर दिलेल्या वेळेनंतर, साधारण पाच-दहा मिनिटांनी, वर राहिलेला सगळा सीलर कोरड्या फडक्याने पुसून काढा. हीच पायरी बहुतेक जण गाळतात. मग फरशीवर धुरकट, चिकट डाग राहतात आणि दोष सीलरला दिला जातो.

६. गरज असल्यास दुसरा हात मारा. त्यानंतर किमान एक दिवस पाणी लागू देऊ नका.

सॉल्व्हंटचा सीलर पेट घेतो. काम चालू असताना गॅस, चूल, देवापुढचा दिवा बंद ठेवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा. ओट्यासाठी घेताना अन्नाशी संपर्क चालतो का, हे डब्यावर वाचूनच घ्या.

किती आणायचा?

डब्यावर एक लिटर किती चौरस मीटरला पुरतो ते दिलेलं असतं. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. दहा बाय बाराची खोली १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर होते. दोन हात मारायचे असतील तर त्याप्रमाणे जास्त धरा. खडबडीत शहाबादी गुळगुळीत कोट्यापेक्षा जास्त पितो.

एवढं लक्षात असू द्या

सीलर म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. मोरीतून खालच्या भिंतीत पाणी झिरपत असेल तर सांध्यांना सीलर मारून ते थांबेलच असं नाही. दोष टाइलखाली किंवा पाइपात असू शकतो. सीलर लावलेल्या फरशीवरही सांडलेलं तेल लगेच पुसायचंच, त्याने फक्त पुसायला थोडी सवड मिळते. आणि तो कायमचा नसतो. दरवर्षी एकदा थेंब टाकून बघा. पाणी आत जायला लागलं की पुन्हा हात मारायची वेळ आली, असं समजा.